बुलेट सोडून बाकी सर्व क्षेम

रेडिच, रविवार दुपार

ती. बाबा आणि सौ. आईस शि. सा. नमस्कार.

"गाडी बंद पडली, हे रस्त्यात आहेत" एवढं ऐकून फोन कट झाला आणि आईनं गणपतीला नारळ बोलला, असं वहिनीनं कळवलं. आई, फोडून टाक नारळ, बोललेलं ठेवू नये. पण तुझे जावई धडधाकट आहेत. आजारी आहे ती बुलेट.

पार्सल पोचलं. भडंग दोन्ही पोरांनी त्याच रात्री संपवलं. मेतकुटाच्या पिशवीत पेट्रोल कॉकचे वॉशर खुपसायची कल्पना कुणाची, ते विचारत नाही. आमच्या वरणभाताला सध्या रबराचा वास आहे.

बाबा, दुखणं दुहेरी होतं. तीनचार मैल गेलं की गाडी गचके खाऊन बंद. थोडं थांबलं की पुन्हा चालू. जावयांचं निदान : कॉइल. सॉफ्टवेअरवाला माणूस, बंद करून चालू केलं की सगळं बरं होतं अशी श्रद्धा, आणि वैताग म्हणजे खरंच होतही होतं! मी टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं. वरून हवा शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरेल कसं? सुई घातली, काम झालं. कॉइलचे पैसे वाचले, पण ह्यांचा चेहरा दिवसभर उतरलेला.

दुसरं दुखणं स्लोला. चोक ओढला की चालते, पूर्ण रेस दिली की चालते, सिग्नलला थांबलं की मरते. म्हणजे पायलट जेट, हे तुम्ही तिथून ऐकूनच सांगाल. पण आधीच्या मालकानं बसवलाय बर्मिंगहॅमचा ॲमल, आणि त्यात पायलट जेट आत ठोकून बसवलेला, काढताच येत नाही. बारीक तारेनं, जीव मुठीत धरून साफ केला. खालची वाटी उघडली तर पांढरट थर, आणि पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे थेंब.

हे पाणी आलं इथेनॉलमुळे. पावसाळ्यात मीठ ओल धरतं तसं हे द्रव्य हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की त्याच्यासकट तळाला बसतं. इथे 2021 च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांनी महागडं 'सुपर' भरावं, त्यात पाच टक्क्यांपर्यंतच, असा सरकारचाच सल्ला. आजाराची साथ सरकारी, औषध आपल्या खर्चानं.

गॅरेजला का नाही दिली म्हणता? मजुरी तासाला 70 पौंड, वर 20 टक्के व्हॅट. झाले 84. रुपयांत साडेनऊ हजारांच्या वर, तासाला! आणि मेकॅनिकचा चहा झाला तरी घड्याळ चालूच. आपला मिस्त्री मध्येच चहा आणि तंबाखूसाठी थांबला असता, तर या हिशेबानं बंगला बांधला असता त्यानं.

आता खरी कटकट ऐका. टाकीतलं खराब पेट्रोल काढलं, ते टाकायचं कुठं? गटारात ओतणं गुन्हा. घरात साठवायला प्लास्टिकचा डबा दहा लिटरपर्यंत, लोखंडी वीसपर्यंत, सगळं मिळून तीस. त्यावर गेलात तर सरकारला कळवा. कचराकेंद्राची आधी ऑनलाइन वेळ घ्यायची. घेतली, गेलो. तिथला माणूस फार गोड हसून म्हणाला, इंजिन ऑइल घेतो, पेट्रोल नाही. मग कुठं? एखाद्या कंपनीला बोलवा. कंपनी पैसे घेऊन नेते! आपल्याकडे मिस्त्रीनं त्यात चेन धुतली असती, वर उरलेल्यात हात धुतले असते. आमचा डबा अजून शेडमध्ये आहे, आणि शेजारीणबाई रोज त्याची चौकशी करतात.

सुमीचं ठरलं हे मला सगळ्यात शेवटी कळवता? मुलगा मर्चंट नेव्हीत म्हणे. वर्षातले सहा महिने घरी नाही, सुमी सुखात राहील. तात्यांना म्हणावं बांधाचं भांडण आता लग्नानंतरच काढा. पक्याच्या नोकरीचे पेढे वाटलेत, छान. (इकडे पाठवू नका, दुधाचं काही पार्सलनं चालत नाही.) पण बाबा, तो लागलाय कारखान्याच्या डिस्टिलरीत! तिथे इथेनॉलच करणार ना? आपल्याकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के, इथल्या दुप्पट. घरचा ऊस, घरचा पोरगा आणि घरच्याच बुलेटवर उठले.

गंमत म्हणजे बुलेट मूळची याच गावची. 1955 नंतर मद्रासला गेली. इथला कारखाना कधीच बंद झाला, आणि आमची 1980 ची गाडी मद्रासहून इकडे आलेली. तिला चाळीस उलटली म्हणून रोड टॅक्स माफ. मलाही चाळीस झाली, मला कुणी काही माफ करत नाही.

कार्बोरेटर जोडून झाला तेव्हा अंधार पडला होता. हाताला पेट्रोलचा वास होता, शाळेतून मला आणायला यायचात तेव्हा तुमच्या शर्टाला यायचा तोच. जेवायला बसेपर्यंत मी हात धुतले नाहीत. ह्यांना सांगितलं, साबण संपलाय.

कुकर झाला, आटोपते. बाबा, तुमची बुलेट महिना महिना उभी असते. ठेवताना कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटीत पेट्रोल राहत नाही. आणि किक पक्यालाच मारू दे. गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून वर्षही झालं नाही. आई, गाडीची किल्ली तुझ्या डब्यात ठेव.

तुमची,
नंदू