उंच स्टुलावरून एक खुलं पत्र

माननीय व्यवस्थापनास,
धायरी, पुणे.

आमच्या कॅन्टीनचं आपण ‘स्टाफ रेस्टॉरंट’ केलंत, त्याबद्दल तमाम कामगारांतर्फे जाहीर आभार. पत्र्याची बाकं गेली आणि कमरेएवढी उंच स्टुलं आली. त्यावर बसलं की सेफ्टी शूज घातलेले पाय अधांतरी लोंबकळतात. निवृत्तीला आलेले आमचे फिटरकाका म्हणाले, बालवाडीत परत आल्यासारखं वाटलं. छताला पिवळे दिवे टांगलेत. ताटात पालक आहे की मेथी, ही आमची जुनी पैज त्यांच्या मंद उजेडात जास्तच रंगते. भिंतभर हिरवळ आहे, प्लॅस्टिकची. तिला पाणी लागत नाही, आणि धायरीत हा गुण काही लहान नव्हे.

जेवण मागवायची रीत तर फारच पुढारलेली. टेबलावरचा क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन करायचा आणि पदार्थ निवडायचा. आता आमचे मोबाइल कामावर येतानाच गेटवरच्या लॉकरमध्ये जमा होतात, कारण मशीनजवळ ते न्यायला आपणच बंदी घातली आहे. ही गोष्ट डिझायनरसाहेबांच्या कानावर घालायची राहून गेली असावी. आम्ही तोडगा काढला. स्टोअरमधल्या एका मुलाला फोन जवळ ठेवायची परवानगी आहे, तो सगळ्यांच्या ऑर्डरी टाकतो. त्याच्यापुढची रांग जुन्या खिडकीपुढच्या रांगेपेक्षा थोडी मोठी असते, इतकंच.

‘निवांत बसा, मनमोकळं बोला’ असं आपण भिंतीवर सुरेख अक्षरांत लिहून घेतलंत. सुट्टी मात्र होती तेवढीच, अर्धा तास. पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती द्या, असं १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ५५ सांगत असे. त्याहून जास्त द्यायला कायद्याची आडकाठी नाही, पण आपण कायदा फारच मनावर घेतलात. हाताचं ग्रीस घालवायचं, रांगेत उभं राहायचं, स्टुलावर चढायचं. मन मोकळं करायला तोंड उघडावं, तर भोंगा. गिरणगावातल्या ज्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यांच्या घरात टेबलाला जागाच नव्हती. पण त्यांचा स्वयंपाक गिरणीच्या पाळीवर चाले. आपल्या सजावटीत घड्याळ आहे खरं, त्याला काटे नाहीत. ते शोभेचं आहे.

मेनूबद्दल काय बोलावं! ‘मिलेट बाउल’ म्हणजे कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वर उसळ आणि कोथिंबिरीची एक काडी. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या आग्रहावरून २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून ज्वारी मोठ्या लोकांत वावरू लागली. भाकरी म्हणून मागितली तर मिळत नाही. रविवारी आपल्यापैकी बरेच साहेब इथून सिंहगडावर जातात, सतरंजीवर मांडी घालून पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही ओरपतात आणि सोमवारी त्याचे फोटो दाखवतात. तो बेत एकदा गडाखाली उतरवता आला तर बघा. सतरंजी आमची.

भावाचंही तेच. कारखान्यातलं कॅन्टीन ना-नफा तत्त्वावर चालवावं असा नियम आहे आणि चालवण्याचे काही खर्च मालकाने सोसायचे असतात. तेव्हा पिवळ्या दिव्यांचं बिल उसळीत मुरलेलं नाही, असं एकदा हिशेब लावून कळवावं.

आता थोडं पाण्याचं, आणि इथे थट्टा बाजूला ठेवतो. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, खडकवासला आणि आपली धायरी या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. त्या दिवसांत इथे प्रत्येक घरात पाणी उकळलं जात होतं. रेस्टॉरंटच्या दारात आपण काचेवरून ओघळणारा धबधबा बसवलात. प्यायच्या पाण्याची टाकी कधी धुतली आणि पाणी कधी तपासलं, याचा कागद मात्र कुठेही लावलेला नाही. मेनूकार्डाइतक्याच चकचकीत कागदावर तो छापला तरी आमची हरकत नाही.

हे सगळं आधी सांगायची सोय नव्हती, असंही नाही. २५० हून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन हवं, ही फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ४६ची तरतूद होती. ब्रिटनने १९४० मध्ये, ऐन युद्धात, युद्धसामग्रीच्या कारखान्यांना कॅन्टीनची सक्ती केली तेव्हाही आकडा हाच धरला होता. नव्या श्रमसंहितेने तो १०० वर आणला आणि मोजताना कंत्राटी कामगारही धरले. (आपल्या रेस्टॉरंटात सवलतीचं कूपन फक्त कायम कामगारांना मिळतं. कंत्राटी पोरं अजून गेटाबाहेर वडापाव खातात.) आणि सांगायची सोय म्हणजे महाराष्ट्राच्या नियमांतली कॅन्टीन समिती: जितके सभासद मालकाने नेमलेले, तितकेच कामगारांनी निवडलेले. जेवणाचा दर्जा, मेनू, जेवणाच्या वेळा, या सगळ्यांत तिला विचारायचं असतं. आपण दिव्यांसाठी सल्लागार नेमलात, भिंतीसाठी नेमलात, स्टुलांसाठीही नेमला असणार. समितीची आमच्याकडची शेवटची निवडणूक कुणालाच आठवत नाही.

म्हणून या पत्रासोबत माझा उमेदवारी अर्ज जोडला आहे. निशाणी झारा. निवडणुकीची तारीख नोटीस बोर्डावर, साध्या कागदावर लावावी. क्यूआर नको.

आपला,
दुसऱ्या पाळीतला एक जेवणारा

ता. क. : प्रचारसभा येत्या शुक्रवारी गेटाबाहेर, वडापावच्या गाडीपाशी होईल. व्यवस्थापनाने यावं. बसायला काही नाही, पण वडा गरम असतो.