कपधारणेविषयी सर्वसाधारण सूचना

सदर सूचना पाळी येणाऱ्या, पाळीला कंटाळलेल्या आणि प्रवासाला निघण्याआधी देवळांऐवजी स्वच्छतागृहांची चौकशी करणाऱ्या समस्त महिलावर्गासाठी आहेत. माझ्या नणंदेसाठी त्या नाहीत. तिला सगळे येते.

कलम १. मेन्स्ट्रुअल कप घेण्यापूर्वी अनुभवी व्यक्तीचा सल्ला घ्यावा, असे म्हणतात. घेऊ नये. नुकतीच माळ घातलेला माणूस समोरच्याच्या ताटातल्या मटणाच्या रश्श्याकडे जसा पाहतो, तशी आमची नणंद माझ्या पॅडच्या पाकिटाकडे पाहत असे. ‘‘वहिनी, अजून हेच?’’ तिचे बोलणे ऐकून वाटावे, गेल्या दिवाळीत हा कप तिनेच शोधून काढला. वास्तविक लिओना चाल्मर्स या अमेरिकन नटीने १९३७ साली त्याचे पेटंट घेतले होते. तो रबराचा होता. पुढे महायुद्धात रबराची टंचाई झाली आणि कप मागे पडला. आताचा असतो सिलिकॉनचा. १९३७ साली आमच्या घराण्यातल्या बायका कावळा शिवला म्हणून चार दिवस मागच्या पडवीत बसत होत्या, तेव्हा उशिराबद्दल मला एकटीला बोलण्यात अर्थ नाही.

कलम २. माप. कंपन्या दोनच गोष्टी विचारतात: तिशी उलटली का आणि बाळंतपण झाले का. उत्तर ‘हो’ आले की मोठा कप. गर्भाशयाचे तोंड किती उंचावर आहे, हे क्वचितच कोणी विचारते आणि खरी मेख तिथेच असते. पाळी चालू असताना, हात स्वच्छ धुऊन, बोट आत घालून पाहावे. नाकाच्या शेंड्यासारखे टणक काहीतरी लागेल. ते बोटाच्या पहिल्या पेरापाशीच लागले तर आखूड कप घ्यावा. बोट पोचतच नसेल तर लांब. मऊ कप सुखाचा, पण आत गेल्यावर उघडायला आळस करतो. कडक कप चटकन उघडतो, पण काहींच्या मूत्राशयावर दाबतो आणि मग उठसूट बाथरूम. कपात साधारण २० ते ३० मिलिलिटर मावते. ‘एवढ्याशा कपात काय होणार?’ अशी शंका घेणाऱ्यांस कळविण्यात येते की, बहुतेकींचा संपूर्ण पाळीतला रक्तस्राव ८० मिलिलिटरच्या आतच असतो. पॅडवर पसरलेले पाहून आपण बादलीचा अंदाज बांधतो.

कलम ३. पातेले. हा या सूचनांतील सर्वांत नाजूक विषय होय. पहिल्यांदा वापरण्यापूर्वी आणि पुढे दर पाळीला कप भरपूर पाण्यात पाचेक मिनिटे उकळावा लागतो. भरपूर म्हणजे भरपूर. पाणी आटले की कप बुडाला लागतो आणि सिलिकॉनचा वास घरभर जातो. पण उकळावा कशात? आमच्या स्वयंपाकघरात भांड्यांना कुळे आहेत. दुधाचे पातेले चहाला चालत नाही, चहाचे वरणाला चालत नाही आणि अंड्याचे पातेले तर ओट्याखाली, स्टोव्हच्या जुन्या पिनांशेजारी, वाळीत टाकल्यासारखे असते. मग कपाचे पातेले अंड्याच्या वर की खाली? नणंदेचे म्हणणे, ‘‘वहिनी, उकळलं की सगळं निर्जंतुकच, कशातही उकळा.’’ शास्त्र म्हणून बरोबर आहे. तिने आपल्या सासरी असे करून दाखवावे.

निकाल सासूबाईंनी दिला. ऐन तारुण्यात दर महिन्याला चार दिवस कोपऱ्यात बसलेली ही बाई माळ्यावर चढली (या वयात चढू नका म्हटले तरी चढते) आणि एक छोटे दांड्याचे पातेले काढून माझ्या हातात दिले. ‘‘हे घे. कुणी हात लावायचा नाही, म्हणून सांग.’’ पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरले आहे: ‘मुंजीप्रीत्यर्थ सप्रेम भेट’. मुंज ह्यांची. ह्यांनी ते पातेले गॅसवर पाहिले, ओळखले आणि आत काय आहे ते विचारले. मी सांगितले. तेव्हापासून ते स्वतःचा चहा स्वतः करतात, पण आधी पातेले निरखून बघतात.

कलम ४. धारणा. उकिडवे बसावे किंवा एक पाय स्टुलावर ठेवावा. कपाची कड आत दुमडून त्याचे तोंड निमुळते करावे आणि वर नव्हे, मागे, माकडहाडाच्या दिशेने सरकवावा. आत गेल्यावर तो उघडला पाहिजे. बुडाभोवती बोट फिरवून पाहावे. खळगा लागला तर उघडलेला नाही, जरा फिरवावा. गळती होते ती बहुतेक वेळा एवढ्यामुळेच. ‘‘एकदा जमलं की जमलं,’’ असे नणंद सांगते. हे वाक्य सायकल शिकवणारेही म्हणतात आणि हात सोडतात. खरे सांगायचे तर पहिल्या एकदोन पाळ्यांत अनेकींना ते जमत नाही, दुखते, चिडचिड होते. तोवर खाली पॅड लावावे, त्यात कमीपणा नाही. २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात वापरून पाहिलेल्या सुमारे ७० टक्के बायकांनी पुढेही कप वापरायची तयारी दाखवली. उरलेल्या नको म्हणाल्या. त्याही शहाण्याच.

कलम ५. कप पोटात हरवत नाही. पुढे वाट बंद आहे.

कलम ६. निष्कासन. देठ धरून ओढू नये. बूड चिमटीत दाबून आतली हवेची पकड सोडवावी, किंचित कुंथावे आणि मग डावीकडे-उजवीकडे हलवत काढावा. घाबरले की स्नायू आवळतात आणि कप वर जातो; अशा वेळी दहा मिनिटे सोडून द्यावा. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण कपाबरोबर तांबीही ओढली जाऊ शकते. बारा तासांपेक्षा जास्त ठेवू नये, रिकामा असला तरीही. हायवेवरच्या हॉटेलात तो काढण्याचे धाडस करू नये. तिथे दाराची कडी आणि नळ हे दोन्ही एकाच वेळी शाबूत असल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. सकाळी घरी घालावा, संध्याकाळी मुक्कामी काढावा. या सुखासाठी मी नणंदेचे पुढचे तीन उपदेश ऐकून घ्यायला तयार आहे.

कलम ७. सुगंधी साबण, डेटॉल, खोबरेल तेल: नाही. कप ठेवायला सुती पिशवी: हो. हवाबंद डबा: नाही.

कलम ८. कचरा. इथे मला विनोद सुचत नाही. पॅड आपण ‘टाकतो’ म्हणजे कोणीतरी ते हाताने वेगळे करते. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने, पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढीच विनंती केली होती. आमच्या इमारतीत नणंदेने या विषयावर हळदीकुंकवात भाषण केले. बायकांनी तिळगूळ हातात धरून ऐकले. तिचे खरे होते, आणि मी कप घेतला तो त्या भाषणानंतर. हे तिला कळता कामा नये.

कलम ९. प्रचार. करू नये. नणंदेच्या मुलीला गेल्या वर्षी पाळी आली. आईने व्याख्यानाची तयारी केली होती, आकृत्याही काढल्या होत्या. मुलीने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. ‘‘मामी, तुझ्याकडे साधे पॅड असतील ना गं?’’ आता ते माझ्या कपाटात पैठणीखाली असतात. लाल पेन तिने स्वतःहून मागून नेले.