बक्षीसपत्रास कारण की

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
दि. १२ नोव्हेंबर २०१७

ती. बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपले पत्र पावले. आम्ही घर घेत असल्याची वार्ता कळताच आपण सातबारा, मूळ दस्त आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट यांविषयी पृच्छा केलीत, ती आपल्या सोसायटीच्या सचिवपदास साजेशीच आहे. परंतु ज्या घरापायी आम्ही उभयतांनी सारी पुंजी पणास लावण्याचे योजिले आहे, ते घर आमच्या नावे कधीही होणार नाही, हे वाचून आपण खुर्ची सोडून उठू नये. येथे ज्याला को-ऑप म्हणतात त्या व्यवस्थेत इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. आपण त्या कंपनीचे शेअर घ्यायचे आणि त्यांच्या जोरावर तिने आपल्याला आपल्याच घराचा भाडेपट्टा करून द्यायचा. सबब मी एकाच वेळी जमीनदाराचा अंश आणि त्याचेच कूळ होणार. कूळकायद्यात जमिनी गेलेल्या गावच्या काकांपुढे हा विषय न काढलेला बरा.

कर्जाचेही तसेच. बँक जे तारण धरते ते घर नव्हे, तर शेअरचे प्रमाणपत्र आणि तो भाडेपट्टा. आणि उद्या मी थकलो, तर आधी इमारतीची थकबाकी वसूल व्हावी आणि मग बँकेची, असा करार कंपनी आणि बँक यांनी आपापसांत करून ठेवलेला असतो. मेंटेनन्स वेगळाच, आणि त्यात इमारतीचा मालमत्ता कर, नोकरांचे पगार, बॉयलरचे इंधन आणि खुद्द इमारतीने काढलेल्या कर्जाचा हप्ता हे सारे समाविष्ट. आमच्याकडून किमतीच्या वीस टक्के रोख अपेक्षित आहे. मॅनहॅटनमध्ये काही इमारती निम्मी मागतात आणि काही तर कर्जाचे नावही काढू देत नाहीत.

तथापि पैसा असूनही भागत नाही, कारण अखेरचा कौल संचालक मंडळाचा, म्हणजे भावी शेजाऱ्यांचा. आपल्याकडे १९६० च्या सहकारी कायद्यान्वये सबळ कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही आणि तीन महिन्यांत निर्णय न कळविल्यास अर्जदार आपोआप सभासद ठरतो. याच कलमामुळे आपल्या तिसऱ्या मजल्यावर लग्नाच्या बँडमधील ते क्लॅरिनेटवादक आले, हे आपण अद्याप विसरला नसाल. येथील मंडळावर कारण सांगण्याचे बंधन नाही. वंश, धर्म वा राष्ट्रीयत्व यांसारख्या कारणांवरून नाकारणे तेवढे कायद्याने वर्ज्य आहे, आणि तेही पूर्वी नव्हते: १९२० च्या सुमारास क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने बागांभोवती ही सुबक घरे बांधून सहकारी तत्त्वावर विकली, तेव्हा ज्यू आणि कृष्णवर्णीय यांना येथे मज्जाव होता; आज त्याच वस्तीत चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर कढीपत्ता आणि पापड मिळतात. आपल्याला विशेष संतोष होईल अशी गोष्ट म्हणजे, १९७१ साली आपल्यावर सातवे आरमार धाडणारे निक्सनसाहेब १९७९ मध्ये न्यूयॉर्कात घर शोधू लागले, तेव्हा को-ऑपमधील रहिवाशांनी त्यांना घेण्यास विरोध केला, आणि शेवटी त्यांना स्वतंत्र घर विकत घ्यावे लागले. अमेरिकेचा माजी अध्यक्ष जेथे नापसंत ठरतो, तेथे आपल्या चिरंजीवाची काय कथा!

म्हणून सध्या आम्ही जमवाजमव करीत आहोत ती कागदांची. दोन वर्षांची करविवरणे, बँकेचे उतारे, मालकाचा दाखला, मित्रांची शिफारसपत्रे, आणि घर घेतल्यानंतरही निदान वर्षभराचे हप्ते भागतील इतकी शिल्लक असल्याचा पुरावा. खात्यात जमा झालेल्या प्रत्येक अनोळखी रकमेचा खुलासा करावा लागतो. सौ. ने दिवाळीत चकल्या करून विकल्या, त्याचे पैसे खात्यात दिसताच बँकेच्या गृहस्थांनी त्या व्यवसायाचे स्वरूप विचारले; तिने लेखी उत्तरात भाजणीची कृतीही दिली, ती फाइलमध्ये लागली आहे. दलाल बाईंनी मंडळापुढील मुलाखतीसाठी तिला बजावले आहे की विचारले तेवढेच बोलावे, उलट प्रश्न करू नये आणि स्वयंपाकघराची भिंत पाडण्याचा बेत तर ओठांवरही आणू नये. इमारतीच्या नियमान्वये ऐंशी टक्के जमीन गालिच्याने झाकावी लागते, तेव्हा चि. मुक्ताच्या तबल्याची चिंता मिटली असे सौ. म्हणते. खालच्या मजल्यावरील आजीबाईंचे मत अजून कळलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. आपण प्रेमाने पाठविलेली रक्कम बँकेच्या दृष्टीने कर्ज असण्याचा संभव आहे, आणि तसे असल्यास माझ्या मिळकतीशी हप्त्यांचे जे प्रमाण मंडळास मान्य आहे ते बिघडते. याकरिता ती रक्कम निव्वळ बक्षीस असून तिच्या परतफेडीची आपल्याला कोणतीही अपेक्षा नाही, असे आपण लिहून द्यावयाचे आहे. माझ्या मुंजीतील आहेराचा हिशेब आजही आपल्या कपाटात आहे हे मी जाणतो आणि म्हणून संकोचाने लिहितो. पण मसुदा सोबत जोडला आहे, त्यात कृपया फेरफार करू नये, विशेषतः ‘सवडीने’ हा शब्द कोठेही घालू नये.

सौ. आईस सा. न. चि. मुक्ताचा आपणा उभयतांस नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
अनंत

ता. क. सही निळ्या शाईने करावी, आणि सोसायटीचा शिक्का मारण्याचा मोह आवरावा.