अ‍ॅडमिरल काकू

सौदीतल्या जुबैलमध्ये कुणाच्या पोराने जेवता जेवता "मला नेव्हीत जायचंय" एवढं नुसतं म्हणावं, रात्री दहाच्या आत त्या घरी अ‍ॅडमिरल काकूंचा फोन वाजतो. बातमी कशी पोचते ते विचारू नये. शाळेच्या बसमध्ये मुलं बोलतात, बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, बायका बोलतात, प्लांटवर नवरे बोलतात, आणि काकूंचे कान सगळीकडे असतात. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी रडान घे गो बाय, मगे यादी करूया."

काकू माहेरच्या मालवणच्या. एरवी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलतात, पण पोराचा विषय निघाला की मालवणी उतरते. 'अ‍ॅडमिरल' ही पदवी कॉलनीने दिलेली. ती कानावर गेली तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी तांत्रिक हरकत घेतली. "पोरगा अजून सब-लेफ्टनंट आणि आई अ‍ॅडमिरल? सिनिऑरिटी म्हणून काही असते की नाही?"

राग येतो तो एकाच वाक्याचा. "शिपवर आहे ना? मग पगार डॉलरमध्ये असेल!" आखातात रत्नागिरी-रायगडची माणसं भरपूर, आणि त्यांच्या घरचं एखादं तरी पोर बोटीवर असतंच, त्यामुळे हे वाक्य महिन्यातून एकदा कानी पडतं. काकू डोळे मिटून श्वास घेतात. "ती मर्चंट नेव्ही. आमचा इंडियन नेव्हीत. तो माल नेत नाही." शेजारच्या भाभी दापोलीकडच्या, त्यांचे दोन्ही मुलगे टँकरवर. त्या चहाचा कप खाली न ठेवता विचारतात, "माल न्यायचा नाही, तर दिवसभर बोटीवर करतो काय?" यावर दोघींचं अर्धा तास वाजतं आणि मग भाभींच्या स्वयंपाकघरात दोघी सांदणं खात बसतात.

काकूंच्या मदतीचा मुख्य ऐवज म्हणजे एक निळी प्लास्टिकची फाईल. तिच्यात सांत्वन नाही, कागद आहेत. इथे वाढलेल्या पोराचे कागद हे वेगळंच प्रकरण असतं. जन्म अल खोबरचा, दहावी-बारावी इथल्या इंडियन स्कूलची, पासपोर्टवर पत्ता गावचा, आणि गावात त्याला आजीशिवाय कुणी ओळखत नाही. चौकशीला आलेला हवालदार आजीला विचारणार, "हा राहतो कुठे?" आणि आजी अभिमानाने सांगणार, "सौदीला." पुढचे दोन महिने त्या एका शब्दाचे. काकूंनी आजीसाठीसुद्धा एक कागद तयार ठेवलाय, मोठ्या अक्षरात: काय बोलायचं, काय नाही. हवालदाराला चहा द्यावा, आंबे देऊ नयेत, हेही त्यात आहे.

२०१८ मध्ये सौदीत बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली, तेव्हा बाकीच्यांनी लायसन्स काढलं ते मॉलला जायला. काकूंनी काढलं कागदांवर शिक्के मारून आणायला. नव्या आईला शेजारच्या सीटवर बसवायचं, फाईल तिच्या मांडीवर द्यायची आणि दम्मामच्या रस्त्याला लागायचं. वाटेत त्या एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडायची मुलाखत, समजावतात. "पाच दिवस असतात. भोपाळ, बंगळूर, कोइमतूर, विशाखापट्टण, कोलकाता, कुठलंही सेंटर येईल. पहिल्या दिवशी चाळणी. गळला तर संध्याकाळी फोन करणार. टिकला तर त्याचा फोन काढून घेतात." मग एक ट्रक ओलांडून झाल्यावर, "म्हणजे बघ, पोराचा फोन येऊ नये म्हणून आईने देवाला नारळ बोलायचा. असली परीक्षा आहे ती."

पण त्यांचा खरा अनुभव पुढचा आहे, आणि तो इथल्याच आयांना कळेल. इथे मुलगा असतो बापाच्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर. २०१७ मध्ये घरच्या माणसांवर माणशी शुल्क लागलं, महिना शंभर रियाल. ते दरवर्षी शंभराने चढत २०२० मध्ये चारशेवर गेलं. अकादमीत गेलेला मुलगा काही इकामा जिवंत ठेवायला दर सुट्टीत इकडे धावणार नाही, आणि एकदा अधिकारी झाला की परदेशी यायलाही त्याला आधी परवानगी काढावी लागते. म्हणजे नेहमीसारखी एक्झिट-री-एंट्री नव्हे, फायनल एक्झिट. ती बापानेच द्यायची, अबशेर या सरकारी अॅपवर, सोफ्यावर बसून, स्वतःच्या अंगठ्याने. काकूंच्या घरी ते बटण कित्येक दिवस दाबलं जाईना. काका म्हणायचे, प्लांटचं शटडाऊन संपू दे, मग शुक्रवारी करू. काकू म्हणायच्या, जाऊ देत चारशे रियाल, अजून एक महिना राहू दे त्याचं नाव. शेवटी पोराने बाबांना ओटीपी विचारला, काम उरकलं आणि "आमटी गरम कर गं" म्हणून पानावर येऊन बसला. आता कुणाकडे हा दिवस आला की काकू फोन करत नाहीत, फाईलही नेत नाहीत. मुगाची खिचडी घेऊन जातात. "आज त्यांच्याकडे चूल पेटायची नाही," एवढंच मला सांगतात.

बाकी बाबतीत मात्र त्या जे शिकवतात ते स्वतः पाळत नाहीत. नव्या आयांना कडक सूचना: पोराच्या वेळापत्रकावर आपण जगायचं नाही, आपली झोप सांभाळायची. आणि यांच्या हॉलमध्ये घड्याळं दोन, एक सौदीचं, एक भारताचं. अडीच तासांचा फरक. मुलगा केरळात एझिमलाच्या नौदल अकादमीत होता तेव्हा तो साडेपाचला उठत असेल म्हणून या इथे पहाटे तीनला उठून बसायच्या. झोपेचं महत्त्व सांगणारा त्यांचा मेसेज मला आला त्यावर वेळ होती तीन वाजून दहा मिनिटं.

कोपऱ्यावरच्या बकालेवाल्याचा तर त्यांनी जीव नकोसा केला होता. तो पय्यन्नूरचा. एझिमलाला जायचं तर तिथल्याच स्टेशनावर उतरायचं, हे कळल्या दिवसापासून काकूंनी त्याला हवामान खातं नेमलं. "पाऊस आहे?" "आहे." "किती?" तो बिचारा कांदे तोलता तोलता घरी फोन लावायचा, आणि त्याची आई अंगणात जाऊन, वर बघून, आकडा सोडून बाकी सगळं सांगायची. पुढे दोघी थेट बोलू लागल्या, एक मालवणी हिंदीत, दुसरी मल्याळममध्ये. बकालेवाला म्हणतो, अर्धा अर्धा तास चालतं, आणि काय बोलल्या विचारलं तर दोघी सांगतात, "पोरांचंच."

पासिंग आऊट परेडला काकू उतरल्या त्या बकालेवाल्याच्या आईकडेच. परेडचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की आता मलाही बँड ऐकू येतो. पण काकूंच्या सांगण्यात संचलन दोन वाक्यांत उरकतं आणि खांद्यावरच्या पट्ट्यांवर त्या पंधरा मिनिटं घेतात. परेडनंतर त्या झाकलेल्या पट्ट्या आईवडिलांनी उघड्या करायच्या असतात. मुलगा पावणेसहा फूट, काकू चार फूट अकरा. तो वाकला. काकूंनी पट्टी बघायची सोडून मानच बघितली. "कॉलर केवढी सैल! म्हटलं, मेल्या, मान खंय गेली तुझी? तर हा दातावर दात ठेवून पुटपुटतो, आई, पाठीमागे कमांडर उभे आहेत." फोटोत कमांडरसाहेब हसताना दिसतात. तो फोटो फ्रिजवर आहे.

मे २०२३ मध्ये भारत-सौदी नौदलांच्या 'अल मोहेद अल हिंदी' सरावासाठी तरकश आणि सुभद्रा जुबैल बंदरात आल्या. तरकश नुकतीच 'ऑपरेशन कावेरी'त सुदानमधली आपली माणसं जेद्दाला पोचवून मोकळी झालेली. काकूंचा मुलगा दोन्हींपैकी एकाही जहाजावर नव्हता. तरी काकूंनी आम्हाला चाळीस डिग्रीत फनातीरच्या किनाऱ्यावर उभं केलं. फोटोला सक्त मनाई, "उचलून नेतील!" तासाभराने क्षितिजावर काहीतरी करडं दिसलं. काकूंनी ओढणी काढून हलवायला सुरुवात केली, डोळे भरून आले. भाभींनी हाताचा आडोसा करून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हलव, हलव. टँकर आहे. आमचाच."

त्याच वर्षीचा ४ डिसेंबर काकूंनी अजून नौदलाला माफ केलेला नाही. १९७१च्या कराची हल्ल्याचा तो नौदल दिन, आणि त्या वेळी तो साजरा झाला थेट मालवणात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर. यांच्या माहेराहून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर युद्धनौका उभ्या, माडांवरून विमानं, वहिनी फोनवर "दिसतां हां, सगळां दिसतां" म्हणून ओरडतेय, आणि काकू जुबैलात टीव्हीसमोर. "मी जन्मभर यांच्या मागे फिरायचं, आणि हे माझ्या माहेरी जाणार मी नसताना!"

मध्यंतरी पेच पडला. एका घरची मुलगी म्हणाली, मला जायचंय. एनडीएचं दार मुलींना २०२२ मध्ये उघडलं, ते काकूंना ठाऊक होतं, पण फाईलमधली यादी मुलग्याची. काकू दोन दिवस गप्प, म्हणजे आजारीच. मग कुठून कुठून फोन फिरवून त्यांनी नवी यादी केली, गुलाबी नको म्हणून तीही निळ्याच फाईलमध्ये लावली. बकाल्यात मुलीच्या आईचा धीर सुटला तेव्हा मात्र बोलला बकालेवाला. लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा 'तारिणी' या शिडाच्या नावेतून पृथ्वीला वळसा घालून मे २०२५ मध्ये गोव्याला परतल्या, त्यातली दिलना त्याच्या शेजारच्या कोळिकोडची. "आठ महिने, मॅडम. दोघीच. इंजिनावर नाही, शिडावर," म्हणत त्याने दुधाचे सुटे पैसे परत केले. मुलीची आई रडायची थांबली. काकू बाहेर आल्यावर जरा घुश्शातच होत्या: "हे मी सांगणार होतंय."

पण मला आठवते ती दवाखान्यातली भेट. २०२३ मध्ये इथल्या किंग फहद नेव्हल अकादमीचे कॅडेट प्रशिक्षणासाठी कोचीला आयएनएस तीरवर गेले होते. त्यांच्यातल्या एकाची आई, काळ्या अबायात, आमच्या शेजारच्या खुर्चीवर. तिच्या फोनवर पांढऱ्या गणवेशातला पोरगा. काकूंची नजर गेली, आणि झालं. काकूंचं अरबी भाजीबाजारापुरतं, तिचं हिंदी सिनेमापुरतं. "वलद? बहर?" काकूंनी समुद्राची लाट हाताने काढून दाखवली. "मेरा भी! हिंद!" ती बाई आधी दचकली, मग सरकून जवळ बसली. तिचा नंबर पुकारला गेला तरी उठेना. काकू बोटं दुमडत पोराबरोबर द्यायची एकेक वस्तू सांगत होत्या, आणि "मतर, मतर, वाजिद मतर" म्हणत डोक्यावर पाऊस पाडत होत्या. त्या बाईने सगळं फोनमध्ये टिपून घेतलं, काकूंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि आत गेली.

गाडीत बसल्यावर काकूंनी चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"कोचीला पाऊस किती पडतो गो? बघ जरा फोनवर. मी तिला दोनच छत्र्या सांगितल्यात."