सगोत्र

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरचा ताबा घेताना पंखे, दिवे, नळ मोजून सही करतात. बाल्कनीतली कुंडी कुठल्याच यादीत नव्हती. आधीच्या साहेबांची बदली झाली, कॅक्टस मागे राहिला. गोल, उभ्या धारांचा, अंगाला पिल्लं चिकटलेला.

"निवडुंगच तो. कुंपणाला लावतात," आईनं निकाल दिला. पण गावाकडचा त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातला. मोडला की पांढरा चीक येतो. याला खरचटलं तर नुसतं पाणी, आणि काटे लोकरीच्या ठिपक्यांतून झुबक्यानं उगवलेले. म्हणजे हा खरा कॅक्टस, अमेरिकेकडचा. समोरच्या आंटी म्हणाल्या, "घर में काँटा, तो घर में कलह." आमच्याकडचा कलह कॅक्टसच्या आधीचा आहे, त्याचं श्रेय त्याला कशाला द्यायचं?

नर्सरीतल्या माळ्यानं मोबाइलवरचा फोटो पाहून "इम्पोर्टेड है साहब" एवढंच कुळ सांगितलं. लागवड मात्र चोख सांगितली: "आधा बदरपुर, थोड़ी खाद, और भूल जाओ." बदरपूर म्हणजे बांधकामाची जाडी वाळू, ती दिल्लीत गल्लोगल्ली मिळते. अवघड होतं ते भूल जाओ. तुळशीला रोज पाणी घालणाऱ्या बाईला, समोर झाड असताना तांब्या खाली ठेव, असं कोण सांगणार? या मंडळींना थंडीत कोरडं ठेवलं तरच पुढे कळ्या येतात. "नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याचा उपास असतो," मी म्हणालो. आई गप्प. आमच्या घरात उपासाला कुणी आव्हान देत नाही. पावसाळ्यात मुळं कुजू नयेत म्हणून कुंडी छज्ज्याखाली सरकवली, तेवढंच.

एप्रिलमध्ये कुशीतून वीतभर लांब, केसाळ नळी निघाली आणि एका संध्याकाळी तिच्या टोकाला फिकट गुलाबी फूल उमललं. कॅक्टसची ओळख काट्यांवरून नाही, फुलावरून पटते. हा एकिनॉप्सिस, झुकारिनी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं 1837 मध्ये ठेवलेलं नाव. जात बहुधा ऑक्सिगोना. माहेर दक्षिण ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना. 'बहुधा' अशासाठी की या घराण्यात संकर फार.

तोवर जिन्यात "ब्रह्मकमल! ब्रह्मकमल!" सुरू झालं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच, आणि आपण घरोघरी ज्याची रात्री पूजा करतो तोही अमेरिकेतला कॅक्टसच, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात कलहवाल्या आंटी आरतीचं ताट घेऊन आल्या. मी घंटा वाजवली.

दुसऱ्या दुपारी फूल मान टाकून बसलं. फळ काही धरलं नाही. आईला चुटपुट. याला स्वतःचा पराग सहसा चालत नाही, आणि शेजारची पिल्लं म्हणजे त्याचाच तुकडा, असं मी समजावलं.

"म्हणजे सगोत्र," आई म्हणाली. "मग बरोबर आहे."

आता स्थळ बघणं चालू आहे. लोदी कॉलनीत पांढऱ्या फुलाचं एक आहे म्हणतात, पण ते वेगळ्या जातीचं. आई म्हणते, चालेल.