कपाशीच्या मुलखात गोल्फचा चेंडू कसा निवडावा

गोल्फ हा खेळ दर्यापूर तालुक्यात खेळला जावा की न जावा, याची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. तो खेळण्याचा ज्यांचा निश्चय झालेलाच आहे, ज्यांच्या घरी पुण्याहून वा परदेशाहून परतलेल्या चिरंजीवांनी एक जाडजूड पिशवी आणि तीत नियमाने अनुज्ञात असलेली कमाल चौदा दांडकी आणून उभी केलेली आहेत, आणि निवृत्तिवेतन सुरू झाल्यापासून सकाळी चहा व वर्तमानपत्र यांच्या पलीकडे ज्यांना काही कर्तव्य उरलेले नाही, अशा गृहस्थांच्या उपयोगासाठी पुढील सूचना लिहिल्या आहेत. दांडकी फुकट आली. चेंडू मात्र विकत घ्यावे लागतात, आणि ते पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात, ही गोष्ट चिरंजीवांनी सांगितलेली नसते.

प्रथम मैदानाविषयी. कलकत्त्याला १८२९ सालापासून गोल्फ क्लब आहे, चेंबूरला आहे, येरवड्याला आहे, आणि तेथील सभासदांच्या पायांखाली बारमाही पाणी पिणारी हिरवळ असते. दर्यापूर हे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात वसलेले गाव. विहिरीचे पाणी जेथे माणसाला पिववत नाही आणि पिकाला मानवत नाही, तेथे ते गवताला पाजून त्याची दाढी रोज करावी असे सुचविणाऱ्याची रवानगी गावकरी कोठे करतील हे सांगणे नलगे. म्हणून आमचे मैदान म्हणजे गावाबाहेरची ई-क्लासची, अर्थात गायरानाची, जमीन, आणि तिच्या चारही अंगांना लोकांची वाहिती शेते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. साहेबाच्या अमदानीत कोरड्या मुलखातील कित्येक मैदानांवर भोक असलेली अखेरची जागा हिरवळीची नसून तेल शिंपडून दाबलेल्या वाळूची असे, आणि तिला ‘ग्रीन’ न म्हणता प्रामाणिकपणे ‘ब्राऊन’ म्हणत. आमच्या ई-क्लासला ‘ब्लॅक’ म्हणावे. माती तशी आहे.

आता चेंडू. त्याचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे चार तोळ्यांपेक्षा, अधिक नसावे आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा, असा दंडक आहे. याहून किंचित लहान असा एक ब्रिटिश चेंडू पूर्वी चालत असे. तो १९९० साली बाद ठरला, तेव्हा कोणी जुनी पेटी उघडून ‘आजोबांच्या वेळचा अस्सल माल’ स्वस्तात देऊ लागला, तर तो कागद दाबण्यासाठी घ्यावा, खेळण्यासाठी नव्हे. चेंडूच्या अंगावर तीनशे ते पाचशेच्या दरम्यान खळगे असतात. हे खळगे शोभेचे नाहीत. त्यांच्यामुळे चेंडूला लगटून वाहणारी हवा खवळते, त्याच्या पाठीमागची ओढ घटते आणि चेंडू दूर जातो. अगदी गुळगुळीत चेंडू तेवढ्याच तडाख्यात जेमतेम निम्मे अंतर कापील. खरेदीदाराने हे ध्यानात ठेवावे, कारण सवलतीच्या बाजारातील पहिली लबाडी या खळग्यांतच भरलेली असते: जुन्या, खरचटलेल्या चेंडूला रंगाचा नवा हात देऊन, वर तकाकी चढवून ‘नव्यासारखा’ म्हणून विकतात, आणि तो रंग खळग्यांत साचून त्यांची खोली हिरावून घेतो. नख फिरवून पाहावे. नखाला कडा लागत नसतील, तर चेंडू परत करावा.

सर्वांत निर्धोक सवलत गेल्या सालच्या मालावर मिळते. कारखानदार वर्षा-दोन वर्षांनी त्याच चेंडूला नवे नाव आणि नवा डबा देतो, आणि जुन्या डब्याचा भाव आपोआप उतरतो; चेंडूला याची वार्ता नसते. दुसरा प्रकार ज्याच्यावरील छाप तिरपी उमटली वा रंगाचा डाग पडला म्हणून कारखानदाराने आपल्याच नावावर फुल्या मारल्या आहेत अशा मालाचा. तो भिडस्त माणसाने घेऊ नये, पण दर्यापुरात चेंडूवरील नाव वाचावयास कोणी वाकत नसल्यामुळे इतरांनी खुशाल घ्यावा. तिसरा आणि विपुल प्रकार तळ्यातला. परदेशांतील मोठ्या मैदानांवर शोभेची तळी असतात, त्यांत सभासदांचे चेंडू पडतात, पाणबुडे ठेका घेऊन ते काढतात, आणि धुऊन, निवडून, प्रतवारी लावून ते पुन्हा विकले जातात.

या प्रतवारीसाठी तिकडे एकच अक्षर पाच वेळांपर्यंत लिहिण्याची पद्धत आहे, जिच्यामुळे वाचकाचा गोंधळ होण्यापलीकडे काही साधत नाही. आपल्याकडे याहून जुने आणि कसाला उतरलेले माप उपलब्ध असताना ते का वापरू नये? मी चेंडूंची आणेवारी काढतो. ज्यावर एकही ओरखडा नाही तो सोळा आणे. नख अडखळेल असा एखादाच ओरखडा असलेला बारा आणे. ज्यावर मागच्या मालकाने शाईने काढलेली खूण पुसट दिसते तो दहा आणे. आणि ज्याचे कवच चिरले आहे तो आठ आण्यांखालचा, म्हणजे दुष्काळी. आणेवारी काढताना तलाठ्याने बांधावरून नजर टाकून भागविले तर गावात बोंब होते. तद्वत् चेंडूही चित्रावरून न ठरविता हातात घेऊन, सूर्यप्रकाशात फिरवून ठरवावा. पार्सल आल्यावर ते पोस्टमनसमोर उघडून पंचनामा करण्याइतके धारिष्ट असल्यास उत्तमच. तळ्यात दीर्घकाळ राहिलेल्या चेंडूत पाणी मुरून त्याची उसळी मंदावते, आणि ते मुरलेले पाणी वरून दिसत नाही, एवढा धोका मात्र पत्करावा लागतो.

कवचाच्या बाबतीत विशेष चोखंदळ असू नये. युरेथेनचे मऊ कवच महाग, कारण ते कापलेल्या हिरवळीवर चेंडूला गिरकी देऊन जागच्या जागी थांबविते. सर्लिनचे टणक कवच स्वस्त, आणि ते दगडगोट्यांना दाद देत नाही. ज्याच्या मैदानावर हिरवळ नाही आणि दगडगोटे आहेत, त्याने काय घ्यावे हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

येथवरचे सर्व कोठल्याही गावाला लागू पडेल. दर्यापूरचा खरा प्रश्न रंगाचा आहे, आणि सवलतीचा हिशेब शेवटी त्यावरच येऊन ठेपतो. समजा, नवा चेंडू दीडशे रुपयांना आणि तळ्यातला पन्नासाला पडला. पन्नासाचा चेंडू तिसऱ्या तडाख्याला हरवला तर तडाख्यागणिक सुमारे सतरा रुपये खर्ची पडले. दीडशेचा तिसाव्याला हरवला तर पाच. चेंडूची किंमत डब्यावर छापलेली नसते; ती तो हरवतो त्या दिवशी समजते.

स्वस्त माल बहुधा पांढरा असतो, आणि येथेच पुण्या-मुंबईच्या सल्लागारांचा सल्ला आम्हांला नडतो. पांढरा चेंडू हिरवळीवर उठून दिसतो हे खरे. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडातील पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटू लागते, आणि तेथून पुढे दोन-तीन महिने धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत सारे शेत कमरेच्या उंचीवर चेंडूंनीच लगडल्यासारखे दिसते. अशा शेतात उभ्या असलेल्या एका सद्गृहस्थांना शेजारच्या सालदाराने विचारले, “काय हारपलं, काकाजी?”

“चेंडू.”

“कोन्त्या रंगाचा?”

“पांढरा.”

सालदाराने एकवार पऱ्हाटीकडे पाहिले, एकवार काकाजींकडे. “मंग राहू द्या नं. परवा वेचनीले बाया लावल्या हायेत. किलोच्या भावानं येते तो घरी.”

यात अतिशयोक्ती नाही. वेचणाऱ्या बाईचे लक्ष दोन्ही हातांच्या वेगावर असते, मजुरी वजनावर मिळते, आणि ओटीत गेलेले चार तोळे कोणी बाहेर काढीत नाही. पुढे तो चेंडू गाठोड्यातून गाडीत, गाडीतून गंजीत आणि गंजीतून रेच्याच्या रुळांपर्यंत गेला, तर जिनिंगवाला काय म्हणेल ते छापण्यासारखे नसते.

रंग ठरविताना जमीन पाहावी, चेंडू नव्हे, हे मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगांना चांगले ठाऊक होते. अमेरिकेत व्हरमाँटला राहात असताना बर्फात खेळता यावे म्हणून ते चेंडूंना लाल रंग देत, असे सांगतात. आमच्याकडे बर्फ कार्तिकात पडतो आणि तो पऱ्हाटीवर पडतो, एवढाच फरक. टेनिसवाल्यांना ही अक्कल दूरचित्रवाणीमुळे आली: १९७२ साली पिवळा चेंडू नियमात आला, आणि विम्बल्डनने १९८६ साली, पुरेसा विचार केल्यावर, तो पत्करला. क्रिकेटमध्ये तर दिव्यांच्या उजेडासाठी गुलाबी चेंडू निघाला आणि २०१९ साली ईडन गार्डन्सवर भारतानेही त्याने कसोटी खेळली. खुद्द गोल्फमध्ये १९८२ साली जेरी पेट याने अमेरिकेतील एक मोठी स्पर्धा नारिंगी चेंडूने जिंकली, तेव्हा रंगीत चेंडू हा नवशिक्याचा असतो या आक्षेपाला उत्तर तयार आहे.

मग कोणता रंग? शास्त्र सांगते की, दिवसाच्या उजेडात मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, आणि या आधारावर दुकानदार लिंबोणी रंगाचा चेंडू गळ्यात मारतो. शास्त्र खरे आहे, दुकानदारही खोटे बोलत नाही. फक्त श्रावण-भाद्रपदात मूग, सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटी ही चारही पिके त्याच प्रकाशाची उधळण करीत उभी असतात हे त्याला सांगावयास कोणी गेलेले नसते. डोळ्याला जे अधिक दिसते ते नव्हे, तर भोवतालाहून जे वेगळे दिसते ते सापडते. लाल रंग हिरव्यावर उठतो, पण सांज झाली की तोच रंग सर्वांआधी काळवंडतो. मंद प्रकाशात डोळा निळ्या-हिरव्याकडे झुकतो, हे यान पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नमूद करून ठेवले आहे. शिवाय तांबडे आणि हिरवे यांतील भेद न कळणारे लोक पुरुषांत स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक असतात. म्हणजे चेंडू शोधण्याचे काम घरातील स्त्रियांनी केल्यास उत्तम होईल, पण हा मुद्दा घरी मांडण्याची शिफारस मी करीत नाही.

नारिंगी रंग आषाढापासून माघापर्यंत बहुतेक निभावून नेतो. करडी फुलली असेल तेथे थोडा धोका, आणि फाल्गुनात पळसाखाली मोठा. पिवळा तुरीच्या फुलोऱ्यात बुडतो. निळा काळ्या मातीच्या सावलीत नाहीसा होतो आणि तो घेणाऱ्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. उरला गुलाबी. पऱ्हाटीचे फूल पहिल्या दिवशी पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हरभऱ्याचे फूलही त्याच वळणाचे. परंतु दोन्ही फुले लहान आणि फिकी, आणि चेंडूचा झगझगीत गुलाबी या मुलखातील कोणत्याही पिकाने आजवर धारण केलेला नाही. झगझगीत म्हणजे अनुस्फुरक: हा रंग उन्हातील अतिनील किरण शोषून त्यांचा दृश्य प्रकाश करतो, म्हणून तो भोवतालापेक्षा उजळ भासतो. मात्र हे सामर्थ्य उन्हानेच झिजते. दुकानाच्या काचेमागे वर्षानुवर्षे उन्हात बसलेला गुलाबी चेंडू सवलतीत मिळत असेल, तर तो डब्यातल्या दुसऱ्या चेंडूशेजारी धरून पाहावा; फिका निघाल्यास आणेवारी चार आण्यांनी उतरवावी. चकाकीपेक्षा मॅट बरा, कारण वैशाखाच्या उन्हात प्रत्येक गारगोटी चमकते.

ज्येष्ठ संपून पाऊस लागला की काळी माती चेंडूला पहिल्याच टप्प्याला गिळते आणि बाहेर देते तेव्हा तो काळाच असतो. त्या दिवसांत रंगावर पैसे खर्चू नयेत. उन्हाळ्यात तीच जमीन हातभर खोल भेगाळते, आणि भेगेत गेलेल्या चेंडूचा रंग कोणता होता हा प्रश्न निव्वळ ऐतिहासिक ठरतो. सोबत लोखंडी सळई ठेवावी.

शोधासाठी नियमाने पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून तीनच मिळतात. हा नियम करणाऱ्यांनी आमचा तालुका पाहिलेला नाही. येथे कोणी वाकून काही शोधू लागला की पांदणीने जाणारे दोघे-चौघे थांबतात, काय हरपले, केव्हा, कितीला घेतले होते, एवढे पैसे चेंडूला का दिले, हे जाबजबाब होतात, आणि तीन मिनिटे सवलतीचे स्वरूप समजावून सांगण्यातच जातात. सापडलेला चेंडू खारपाणाने धुऊ नये. वाळल्यावर क्षारांचा पांढरा पापुद्रा चढतो आणि गुलाबी रंगाचे सारे तेज त्याखाली झाकते. पावसाचे साठविलेले पाणी वापरावे, अर्थात घरच्यांनी दिले तर.

सारांश मागणीपत्रावर एवढेच लिहावे: गुलाबी, मॅट, सर्लिन कवचाचे, गेल्या सालचे, दोन डझन, नारिंगी एक डझन, बारा आण्यांखालील माल परत केला जाईल. पांढरे ज्यांनी आधीच घेऊन ठेवले असतील, त्यांनी ते वेचणी सुरू होण्यापूर्वी संपवावेत. त्यानंतर हरवलेल्या चेंडूबाबतची दरखास्त जिनिंगमध्ये समक्ष द्यावी, आणि ज्या शेतात तो पडला त्या शेताच्या कापसाची काटापावती सोबत जोडावी. चेंडूचे वजन तीत अगोदरच धरले गेले असल्यामुळे मोबदला मागताना ते वजा करावे लागेल.