आधी वर्क ऑर्डर, मग न्याय?

लघुउद्योजकांना निविदेत मिळणाऱ्या सवलतींची यादी सरकार नेहमी ऐकवते. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना सूक्ष्म व लघुउद्योगांकडून खरेदीचा वाटा ठरवून दिला. आज तो 25 टक्के आहे. बयाणा रक्कम माफ आहे. हे चांगलेच झाले. पण तांत्रिक लिफाफ्यातच नाव बाद झाले, तर यातले काय हाती उरते?

दाद मागायची ती बहुधा ज्याने बाद केले त्याच कार्यालयाकडे. नाहीतर थेट उच्च न्यायालयात. वकील गाठून, कागद जमवून पहिली तारीख मिळेपर्यंत वर्क ऑर्डर निघते, साइटवर खडी पडते. आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये एन. जी. प्रोजेक्ट्स प्रकरणात सांगूनच टाकले की पायाभूत सुविधांच्या कामांना स्थगिती देणे टाळावे, अन्याय झाला असेल तर भरपाई मागावी. रस्ता रखडू नये, हे मान्य. पण भरपाईचा दावा वर्षानुवर्षे लढायला पैसा लागतो, आणि तो मोठ्या ठेकेदाराकडेच असतो.

मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचा 1979 चा निकाल आजही वकील दाखवतात. पाच वर्षांच्या अनुभवाचा नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालक हवा, ही अट. काम मिळाले त्या अटीत न बसणाऱ्याला. स्वतः घातलेली अट सरकारी संस्थेला मोडता येत नाही, असे न्यायालयाने ठणकावले. ठेका मात्र रद्द केला नाही. अर्जदाराने स्वतः निविदा भरली नव्हती, शिवाय तो उशिरा आला होता आणि तोवर दुसऱ्याचा पैसा गुंतला होता.

म्हणजे सगळा खेळ वेळेचा. तामिळनाडूच्या 1998 च्या कायद्यात निविदाकाराला 10 दिवसांत सरकारकडे अपील करता येते. महाराष्ट्र अजून शासन निर्णयांवर भागवतो. केंद्राचे 2012 चे खरेदी विधेयक तर लोकसभेच्या विसर्जनाबरोबर संपले.

अपात्रतेचे कारण लेखी द्या. तक्रार दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवा. आणि तिचा निकाल लागेपर्यंत, फार तर पंधरा दिवस, वर्क ऑर्डरवर सही करू नका. मुंबईच्या विधिमंडळाला एवढा कायदा करायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.